खेळाडूंचे मोल आणि खेळाडूंचे शील

व्यावसायिक खेळाडूंना मिळणारा अमाप पैसा आणि त्यांतील काहींचे बेताल वर्तन हा विषय आता आपल्या घरांत नेहमीचा झाला आहे. वंदनेनंतरच्या चहापानात, मुलांना मैदानावर पोहोचविताना, आयपीएलचा लिलाव चालू असताना हा विषय निघतो आणि बहुधा एकाच वाक्यावर संपतो : एवढा पैसा हाती आला की माणूस बिघडणारच. हे निदान आम्हांस अपुरे वाटते. किंबहुना ते सोयीचे आहे म्हणूनच लोकप्रिय आहे, कारण त्यात सारा दोष पैशाच्या आणि खेळाडूच्या माथी जातो व टाळ्या वाजविणारे आपण सर्व मोकळे राहतो. म्हणून या प्रश्नाची थोडी फोड करावी, असे आम्हांस वाटले.

अशी फोड करावयाची तर अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागापासून आरंभ करणे सोयीचे आहे. बँका, वकिलांच्या मोठमोठ्या संस्था आणि लेखापरीक्षण कंपन्या यांच्या उंच इमारतींचा हा परिसर आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. याच परिसरात पार्नासुसवेगवर अ‍ॅमस्टरडॅमचे जिल्हा न्यायालय आहे. दे बूलेलानच्या बाजूस १८९५ साली स्थापन झालेल्या एएफसी या हौशी फुटबॉल क्लबची मैदाने आहेत, आणि तेथून थोड्याच अंतरावर १९२८ च्या ऑलिंपिकचे विटांचे जुने स्टेडियम उभे आहे. पैसा, कायदा आणि खेळ या तिन्ही गोष्टी येथे जणू शेजारधर्माने नांदतात. त्यांचे परस्परांशी नाते काय, हाच आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम पैशाचा विचार करू. या देशात १९५४ पर्यंत फुटबॉल खेळण्याबद्दल उघडपणे पैसे घेण्यास मुभा नव्हती. पुढे व्यावसायिक फुटबॉल आला, तरी करार संपल्यानंतरही खेळाडू एका अर्थी क्लबच्याच मालकीचा राही. दुसऱ्या क्लबने ठरलेली रक्कम मोजल्याखेरीज त्याची सुटका होत नसे. झां-मार्क बोस्मन या बेल्जियन खेळाडूने याविरुद्ध दाद मागितली, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूस मोकळेपणी दुसरीकडे जाण्याचा हक्क दिला. त्या काळातच दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण हक्कांचा पैसाही खेळात ओतला जाऊ लागला. पूर्वी जी रक्कम एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाच्या तिजोरीत जाई, तिचा मोठा वाटा आता खेळाडूच्या पदरात पडू लागला. भारतात २००८ च्या पहिल्या आयपीएल लिलावात महेंद्रसिंग धोनीस सुमारे ६ कोटी रुपयांची सर्वोच्च बोली लागली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावात ऋषभ पंत याच्यासाठी २७ कोटी रुपये मोजले गेले.

या आकड्यांनी डोळे दिपतात हे खरे. परंतु त्यांच्या मुळाशी एका श्रमिकाने मिळविलेले स्वातंत्र्य आहे, हे विसरता कामा नये. महार वतनाची बेडी, जी १९५८ च्या कायद्याने अखेर तुटली, ती ज्यांच्या आजोबांच्या पायात होती, त्या समाजाला बांधलेला माणूस आणि मोकळा माणूस यांतील फरक कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या कौशल्याची किंमत आपण ठरवावी आणि न पटल्यास उठून दुसरीकडे जावे, हा हक्क आपण स्वतःसाठी मागतो. तोच हक्क खेळाडूने वापरला तर त्याच्या नावाने बोटे मोडणे योग्य नव्हे.

शिवाय भरमसाट पगाराची चर्चा नेमकी कोणाविषयी होते, हेही पाहण्यासारखे आहे. एबीएन अ‍ॅम्रो ही बँक २००८ च्या आर्थिक संकटात जनतेच्या पैशाने वाचविण्यात आली. पुढे २०१५ च्या मार्च महिन्यात, बँक सरकारच्याच मालकीची असताना, तिच्या संचालकांना प्रत्येकी एक लाख युरोची वाढ देण्यात आल्याचे उघड झाले. त्या वेळी तिचे मुख्यालय झुइडासमध्ये गुस्ताव्ह माहलरलानवर होते. मोठा गदारोळ झाला, भागविक्री पुढे ढकलली गेली आणि संचालकांनी ती वाढ सोडून दिली. २०२१ मध्ये याच बँकेने काळ्या पैशाला आळा घालण्यातील कुचराईबद्दल ४८ कोटी युरो भरून सरकारी अभियोक्त्यांशी तडजोड केली. या दोन्ही वेळी टीका भरपूर झाली. परंतु बँकेच्या अधिकाऱ्यांना पैसा पचत नाही, त्यांच्या वस्तीतच संस्कार नसतात, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सुरिनामी अथवा मोरोक्कन वंशाच्या, गरीब वस्तीतून वर आलेल्या मुलाविषयी मात्र असे उद्गार सहज निघतात. ज्यांनी हीच भाषा स्वतःच्या आईवडिलांविषयी ऐकली आहे, त्यांनी ती दुसऱ्यांविषयी उच्चारताना दहा वेळा विचार करावा.

आपल्या स्वतःच्या पगारपत्रकाकडेही एक दृष्टी टाकणे न्यायाचे होईल. परदेशातून बोलाविलेल्या कुशल नोकरदारांना या देशात वेतनाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम काही वर्षे करमुक्त मिळू शकते. संगणक अभियंत्याला ती मिळते, तशीच परदेशी फुटबॉलपटूलाही मिळते. या सवलतीस २०२४ पासून कमाल मर्यादा घालण्यात आली आणि २०२७ पासून ती २७ टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. सार्वजनिक सेवेतील वरिष्ठांच्या वेतनाला जी कायदेशीर मर्यादा आहे, तीच येथेही लागू केली गेली. २०२५ साली ती २ लाख ४६ हजार युरो होती. सार्वजनिक पैशातून कोणी अमर्याद घेऊ नये, असा या मर्यादेमागील विचार आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. खेळाडूंच्या उत्पन्नावर रास्त कर बसावा, क्लबांच्या नफ्यातील वाटा गल्लीतील मैदानांना मिळावा, महिला खेळाडूंना समान मोबदला मिळावा, या मागण्या आम्ही अवश्य करू. भारतीय क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री व पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले, ही त्या दिशेने झालेली स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ह्या सर्व मागण्या न्याय्य वाटपाच्या आहेत. वर्तनाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो पैशापाशी सुटत नाही.

तो का सुटत नाही, हे एका दुःखद घटनेवरून दिसते. २ डिसेंबर २०१२ रोजी अल्मेरे येथे किशोरवयीन मुलांचा एक हौशी फुटबॉल सामना झाला. पाहुणा संघ अ‍ॅमस्टरडॅमचा होता. सामन्यानंतर त्या संघातील काही मुलांनी यजमान क्लबच्या रेषापंचावर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. तो रेषापंच म्हणजे एका खेळाडूचा पिता होता, विनामूल्य सेवा देणारा स्वयंसेवक. पुढील वर्षी न्यायालयाने सहा मुलांना आणि एका मुलाच्या वडिलांना दोषी ठरविले. त्या मैदानावर कोणालाही एक सेंटही पगार नव्हता. कोट्यवधींचे करार नव्हते, जाहिराती नव्हत्या. होता तो एवढाच समज, की मैदानावर आपल्या मनाविरुद्ध निर्णय देणारा माणूस हा अपमानास आणि माराला पात्र आहे. हा समज त्या मुलांनी कोठून घेतला? काही अंशी दूरचित्रवाणीवरून, जेथे पंचाला घेरून आरडाओरडा करणारे नामवंत खेळाडू दर आठवड्यास दिसतात. काही अंशी मैदानाच्या कडेवरून, जेथे मोठी माणसे उभी राहून ओरडत असतात.

तेव्हा आमच्या मते दोषाचे मूळ मोबदल्यात नाही. ते सवलतीत आहे. जो जिंकून देतो त्याला नियम थोडे सैल, ही ती सवलत. ती कोणत्याही करारात लिहिलेली नसते, पण क्लब ती देतो, निवड समिती देते आणि प्रेक्षक तर दोन्ही हातांनी देतात.

क्विन्सी प्रोमेस याचे प्रकरण या दृष्टीने पाहावे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेला, आयाक्सकडून खेळलेला आणि नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाकडून ५० सामने खेळलेला हा खेळाडू. २०२० च्या उन्हाळ्यात अबकाउडे येथील एका कौटुंबिक समारंभात आपल्याच नातेवाईकाला चाकूने जखमी केल्याच्या संशयावरून त्याच वर्षी त्याला अटक झाली होती. त्यानंतर मॉस्कोच्या स्पार्टाक क्लबने त्याला विकत घेतले आणि २०२१ च्या युरो स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघात त्याची निवडही झाली. आरोप सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावा, हे तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे, आणि तेवढ्यापुरती ही निवड समर्थनीय म्हणता येईल. परंतु जून २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या जिल्हा न्यायालयाने त्याला या प्रकरणी दीड वर्षाची शिक्षा सुनावल्यानंतरही त्याचा क्लब त्याला मैदानात उतरवीतच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तेराशे किलोहून अधिक कोकेनच्या तस्करीत त्याचा सहभाग असल्याचा निष्कर्ष काढून त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. दोन्ही निकालांच्या वेळी आरोपी परदेशात होता. पुढे दुबईत त्याला अटक झाली आणि २०२५ मध्ये त्याला नेदरलँड्सच्या स्वाधीन करण्यात आले. त्याने या निकालांविरुद्ध अपील केले, आणि तो त्याचा हक्कच आहे. आमचा मुद्दा त्याच्या अपराधापेक्षा त्याच्या भोवतालच्या मंडळींविषयी आहे. एखाद्या शाळेतील शिपायाला किंवा बँकेतील कारकुनाला अशी शिक्षा झाली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर कोणी येऊ दिले असते काय?

हीच सवलत कचेरीतही चालते. एकेकाळचे नामवंत खेळाडू मार्क ओव्हरमार्स हे आयाक्सचे फुटबॉल संचालक होते. महिला सहकाऱ्यांना दीर्घकाळ अनुचित संदेश पाठविल्याचे निष्पन्न झाल्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यापूर्वी थोड्याच काळाने क्लबने त्यांचा करार वाढविलेला होता. संघ जिंकत होता, म्हणून सारे ठीक आहे असे धरून चालले गेले. तेथे काम करणाऱ्या स्त्रियांना ते ठीक वाटत होते की नाही, हे विचारावयास कोणी गेले नाही.

भारतात वेगळे चित्र नाही. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांनी सहभाग घेतलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्त्रियांविषयी अनुदार उद्गार निघाले, तेव्हा क्रिकेट मंडळाने दोघांना दौऱ्यावरून परत बोलाविले. पुढे मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला आणि ती रक्कम कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या निमलष्करी जवानांच्या कुटुंबांस व अंध क्रिकेटपटूंच्या निधीस देण्यास सांगितले. ही शिक्षा आम्हांस विचारपूर्वक दिलेली वाटते, कारण तीत पैसाही गेला आणि तो योग्य ठिकाणी गेला. २०२० मध्ये मात्र युवराज सिंग या निवृत्त खेळाडूने सर्वांसमक्ष चाललेल्या संभाषणात सफाईचे काम ज्यांच्यावर लादले गेले त्या समाजाचे नाव एका सहखेळाडूला चिडविण्यासाठी वापरले. पुढे त्याने खेद व्यक्त केला. हरियाणात गुन्हा नोंदला गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अटकेनंतर त्याची जामिनावर सुटका झाली. तो निवृत्त असल्याने मंडळाचा करार त्याला लागू नव्हता, हे खरे. परंतु समाजातील असंख्य चाहत्यांनी 'गमतीत बोलला, सोडून द्या' असे म्हटले, ते कोणत्या कराराने? ज्यांच्या घरातील माणसांना तो शब्द रोज शिवीसारखा ऐकावा लागतो, त्यांना ही गंमत कशी वाटावी?

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या महिला हॉकी संघातील वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली. काही दिवसांनी ४ ऑगस्ट २०२१ रोजी उपांत्य सामना हरताच हरिद्वारजवळील तिच्या घरासमोर काही सवर्ण तरुणांनी फटाके उडविले आणि जातिवाचक शिवीगाळ केली. म्हणजे एकाला कोटी रुपये आणि शंभर अपराध माफ, तर दुसरीला विक्रमी खेळ करूनही जन्माची शिक्षा. दोहोंच्या मुळाशी माणसाला माणूस म्हणून न पाहण्याची एकच सवय आहे. कोणाला देव्हाऱ्यात बसवावयाचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, हे ठरविणारे हात तेच असतात. व्यक्तिपूजेच्या धोक्याविषयी बाबासाहेबांनी राजकारणाच्या संदर्भात आपल्याला वारंवार सावध केले. मैदानही त्यास अपवाद नाही.

खेळाडूची योग्यता त्याच्या मोबदल्यावरून किंवा पदावरून ठरत नाही, हे आपल्या इतिहासात पूर्वीच दिसून आले आहे. पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखणारे आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारे पालवणकर बाळू १९११ मध्ये भारतीय संघातून इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. संघाचे कर्णधारपद पतियाळाच्या महाराजांकडे होते आणि ते बहुतेक सामन्यांस गैरहजर राहून लंडनच्या मेजवान्यांत रमले. ज्याला चहासुद्धा आपल्याच संघाकडून वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे तो रोज मैदानावर हजर, आणि ज्याला सारे मिळाले होते तो बाहेर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. राजकारणात मतभेद झाले म्हणून त्यांच्या खेळाचे मोल आपण कमी करण्याचे कारण नाही.

झुइडासपासून जवळच असलेल्या त्या जुन्या स्टेडियमशीही असेच एक नाव जोडलेले आहे. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आलेल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपाल सिंग हे मुंडा आदिवासी समाजातील होते. ऑक्सफर्डमध्ये शिकून ते आयसीएसची उमेदवारी करीत होते. रजा नाकारली गेली तरी ते खेळावयास आले आणि अखेर त्या प्रतिष्ठेच्या नोकरीवर त्यांनी पाणी सोडले. अंतिम सामन्यापूर्वीच ते संघातून बाजूला झाले होते, तरी त्यांनी उभारलेल्या संघाने एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक जिंकले. पुढे संविधान सभेत त्यांनी आदिवासींचा आवाज उठविला. खेळातून मिळालेले नाव त्यांनी आपल्या माणसांसाठी खर्च केले.

यावर एक आक्षेप येईल. आजच्या खेळाडूचे आयुष्य निराळे आहे, असे म्हटले जाईल. विसाव्या वर्षी कोट्यवधी रुपये, पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, मधल्या काळात गुडघे आणि कंबर झिजलेली, चोवीस तास लोकांची नजर. अशा पोराकडून साधुत्वाची अपेक्षा का करावी? हा आक्षेप रास्त आहे. आम्ही साधुत्व मागतच नाही. रात्री उशिरापर्यंत जागणे, महागडी मोटार घेणे, उर्मट मुलाखत देणे या गोष्टी आवडण्याजोग्या नसल्या तरी त्यांचा न्याय करीत बसण्यात अर्थ नाही. आम्ही मागतो ते एवढेच, की दुसऱ्या माणसाला इजा, अपमान अथवा फसवणूक झाली की तेथे गोलांची संख्या मोजली जाऊ नये. सामान्य नोकरदाराला जो नियम, तोच खेळाडूला. आणि तरुण वयात हाती पैसा येतो म्हणून क्लबांनी त्यांना हिशेब, कायदा आणि स्त्री-पुरुष संबंधांतील मर्यादा यांचे शिक्षण द्यावे, त्यांच्याभोवती जमणाऱ्या होयबांपासून त्यांना वाचवावे. पायाला प्रशिक्षक आहे, तसा विचारालाही हवा.

आता आपल्या घरापुरते पाहू. आपली मुले येथील फुटबॉल आणि हॉकी क्लबांत खेळतात, अ‍ॅमस्टेलव्हेनच्या बाजूस क्रिकेटही खेळतात. त्यांतील एखादे पुढे नाव काढील, बहुतेक काढणार नाहीत. झुइडासमधील एएफसीच्या क्रीडांगणाचे नाव 'खूड खेनूख' असे आहे. त्याचा अर्थ 'पुरेसे चांगले'. आपल्या मुलांना सदैव पहिलाच क्रमांक हवा, असा हट्ट धरणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी या नावाचा जरूर विचार करावा. आपण शिक्षणाच्या बळावर वर आलो, म्हणून आपल्याला यशाचे मोल अधिक वाटते. परंतु ज्या घरात गुणपत्रिका चांगली आली की उद्धट बोलणे खपवून घेतले जाते, त्या घरात तीच सवलत जन्मास येते जी पुढे स्टेडियममध्ये दिसते. बाबासाहेबांनी विद्येपेक्षाही शीलास अधिक महत्त्व दिले, ते याचसाठी.

म्हणून आमच्या वाचकांस तीन विनंत्या आहेत. मैदानाच्या कडेला उभे राहताना पंचाविषयी मुलासमोर वाईट बोलू नये आणि सामना संपल्यावर मुलाला प्रथम त्या पंचाशी हस्तांदोलन करावयास पाठवावे. आवडत्या खेळाडूने जात, वर्ण अथवा स्त्रीत्व यांचा अपमान केला तर त्याची बाजू घेऊ नये, तो आपल्या आवडीचा संघ असला तरी. आणि आपल्या मंडळाच्या क्रीडादिनी सर्वाधिक गुण मिळविणाऱ्याच्या चषकाबरोबरच उत्तम वर्तनाचा एक चषक ठेवावा. तो कोणाला द्यावयाचा, हे पालकांनी न ठरविता त्या दिवशीच्या पंचांनी ठरवावे.